गोळी एकच, रक्तातील प्रमाण निराळे

दम्याच्या दोन रोग्यांना एकाच औषधाची सारखीच मात्रा दिली, तर दोघांच्याही रक्तात ते सारखेच सापडेल, असे तुम्हांला वाटेल. थिओफिलीनच्या बाबतीत मात्र तसे होत नाही. एकाला त्या मात्रेने चांगला गुण येतो, दुसऱ्याची धाप तशीच राहते, तर तिसऱ्याला मळमळ आणि छातीत धडधड सुरू होते.

थिओफिलीन हे चहातल्या कॅफीनचे भावंडच. जर्मन शास्त्रज्ञ आल्ब्रेख्ट कोसेल यांनी 1888 साली ते चहाच्या पानांतून वेगळे केले. श्वासनलिकांभोवतीचे स्नायू ते सैल करते. पण गुण आणि अपाय यांतले अंतर थोडे. दर मिलिलिटर रक्तद्रवात 10 ते 20 मायक्रोग्रॅम हे प्रमाण पूर्वी योग्य मानीत. आता बहुधा 5 ते 15 पुरेसे समजतात. ते फारच वाढले तर झटके येतात, जीवही धोक्यात येतो.

हा फरक मुख्यतः यकृतामुळे पडतो. तेथील विकरे, म्हणजे एन्झाइमे, औषधाचे विघटन करतात. पण प्रत्येकात त्यांचा वेग वेगळा. समजा, सकाळी 8 वाजता तिघांच्या रक्तात 16 मायक्रोग्रॅम औषध आहे. शाळकरी मुलात ते सुमारे 4 तासांत निम्मे होते. म्हणजे दुपारी 12 वाजता 8, 4 वाजता 4 आणि रात्री 8 वाजता अवघे 2! निरोगी यकृताच्या प्रौढाला निम्म्यावर यायला सुमारे 8 तास लागतात; रात्री त्याच्याकडे साडेपाचाच्या आसपास उरते. यकृत बिघडलेल्या रोग्याला 24 तासही लागू शकतात. त्याच्या रक्तात 11 शिल्लक असतानाच वर दुसरी गोळी येऊन पडते. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या निघाल्या, त्या दिवसभरातले असे चढउतार कमी व्हावेत म्हणूनच.

एकाच माणसातही हा वेग कायम राहत नाही. विडी-सिगारेटच्या धुराने विघटन वाढते. विडी सोडली की तीच मात्रा जड होते. एरिथ्रोमायसीन हे प्रतिजैविक उलट विघटन मंदावते. सर्वांत बोलके उदाहरण मला वाटते ते 1980 सालचे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील किंग परगण्यात इन्फ्लुएंझा-बीची साथ आली, आणि मात्रा नीट बसलेल्या 11 मुलांना थिओफिलीनची विषबाधा झाली. मुले तीच, गोळ्या त्याच; आजारात विघटन मंदावले होते.

आज दम्यावर मुख्यतः श्वासावाटे घ्यायची औषधे देतात. थिओफिलीन मागे पडले, तरी वापरातून गेलेले नाही. ते घेणाऱ्याचे रक्त तपासताना शेवटची गोळी केव्हा घेतली ती वेळही लिहून घेतात. कारण 8 हा आकडा गोळीनंतर दोन तासांचा असेल तर त्याचा अर्थ एक, आणि बारा तासांनंतरचा असेल तर अगदी निराळा.