अनिद्रेच्या रुग्णास विचारावयाचा एक प्रश्न

निद्रानाशाची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णास आपण आहार, कोष्ठ, चिंता, दिवास्वाप हे सर्व विचारतो. दिवसातील किती काळ तो मोकळ्या आकाशाखाली असतो, हे मात्र क्वचितच विचारले जाते. निद्रेची गणना चरकसंहितेने त्रय उपस्तंभांत केली आहे. तेव्हा ही उणीव लहान नव्हे.

घरातील उजेड पुरेसा वाटतो, कारण डोळा त्याच्याशी चटकन जुळवून घेतो. ट्यूबलाइटच्या खोलीत साधारणतः ३०० ते ५०० लक्स प्रकाश असतो. ढगाळ दिवशीही अंगणात तो हजारांत असतो आणि भर उन्हात १ लाखाच्या घरात जातो. दृष्टिपटलातील मेलॅनोप्सिनयुक्त पेशी स्वतःच प्रकाश ग्रहण करतात, हे २००२ मध्ये स्पष्ट झाले. मेंदूतील कालघटिकेस त्या दिवसाची वर्दी देतात आणि रात्री मेलाटोनिन केव्हा स्रवावे हे त्यावरून ठरते. सकाळचा प्रकाश निद्रेची वेळ अलीकडे आणतो, रात्रीचा प्रखर प्रकाश ती लांबवितो. अमेरिकेतील कोलोराडो येथे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८ जणांना आठवडाभर विजेच्या दिव्यांविना तंबूत ठेवले, तेव्हा मेलाटोनिनचा उदय सुमारे २ तास आधी होऊ लागला.

आपल्या ग्रंथांत मेलाटोनिन शोधण्याचा मोह मात्र टाळावा. ब्राह्ममुहूर्ती उत्थान हे दिनचर्येचे अंग आहे आणि आतपसेवन पित्तवर्धक मानले आहे; तेवढ्यावरूनही सकाळचे कोवळे ऊन घ्यावे व मध्याह्नीचे टाळावे, हे निश्चित होते.

मनाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. हिवाळ्यात येणाऱ्या विषादाचे वर्णन रोझेन्थाल प्रभृतींनी १९८४ मध्ये केले व प्रखर प्रकाशाचा उपचार सुचविला. तो प्रामुख्याने उत्तरेकडील देशांचा विकार. परंतु सकाळी नऊपासून रात्री दहापर्यंत गल्ल्यावर बसणाऱ्या आपल्या औषधविक्रेत्या बंधूंना तरी ऊन कितीसे मिळते? ‘झोपेचे काहीतरी द्या’ म्हणणाऱ्या ग्राहकास सर्पगंधायुक्त वटी सहज दिली जाते. तिच्यातील रिसर्पिनने विषाद बळावू शकतो. म्हणून उदास, निरुत्साही ग्राहकास ती परस्पर देऊ नये, वैद्यांकडे पाठवावे. आणि जीव नकोसा झाल्याची भाषा असेल तर वैद्यांनीही मानसरोगतज्ज्ञांचे साहाय्य त्याच दिवशी घ्यावे.

इतरांस सूर्योदयानंतरच्या दोन तासांत अर्धा तास चंक्रमण, सूर्याकडे थेट न पाहता, असे औषधपत्रावरच लिहावे. तोंडी सल्ला रुग्ण दारातच विसरतो. गच्ची वा अंगण चालेल. खिडकीपासून चार हात आत बसणे मात्र पुरत नाही. सायंकाळी सातलाच झोपून पहाटे तीनला जागे होणाऱ्या वृद्धांस हेच चंक्रमण सायंकाळी सांगावे. रात्रपाळी करून सकाळी झोपणाऱ्यास तर घरी परतताना काळा चष्मा लावावयास सांगणे इष्ट. त्याच्या बाबतीत सकाळचे ऊनच निद्रेच्या आड येते.