सुटी झालेली जीप पुन्हां जोडूं या

नांगराचा फाळ झिजला तर शेतकरी लोहाराकडे जातो, लांकूड मोडलें तर सुताराकडे जातो, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां शेतांत उभा राहतो. यंत्र बिघडलें म्हणजे मात्र तोच शेतकरी हात बांधून शहराच्या वाटेकडे पाहत बसतो. आपल्या भागांत भातशेतीसाठीं पॉवर टिलर आले, मळणीचीं यंत्रें आलीं, पंप तर घरोघर आहेत. परंतु तीं उघडून पुन्हां जोडणारे हात गांवोगांवीं कमी होत चालले आहेत. या गोष्टीकडे लक्ष वेधावें आणि त्याच निमित्तानें एका कामासाठीं आमच्या शेतकरी बंधूंचें साह्य मागावें, असा या लेखाचा दुहेरी हेतु आहे.

वस्तुस्थिति

अलिबाग तालुक्यांत आमच्या शेजारच्या एका वयोवृद्ध बागाईतदारांच्या वखारींत एक जुनी जीपगाडी सुट्या भागांच्या रूपानें पडून आहे. गाडी सीजे-३बी या जातीची, पेट्रोलवर चालणारी. कित्येक वर्षें हिनें पांढऱ्या कांद्याच्या माळा व नारळ-सुपारीचीं पोतीं बाजारांत पोंचविलीं. पावसाळ्यांत खारेपाटांतील वाट चिखलानें बंद झाली असतां आजारी माणसांस दवाखान्यापर्यंत नेलें. पुढें चासी गंजली म्हणून एका जाणत्या मिस्त्रीनें ती दुरुस्तीसाठीं संपूर्ण उकलली. काम निम्म्यावर असतांना मिस्त्री वारले. भाग पोत्यांत आणि पेट्यांत भरून ठेवले गेले ते तसेच राहिले. ता. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळलें तेव्हां वखारीचीं कौलें उडालीं आणि कांहीं पेट्यांत पाणी शिरलें. कौलें पुन्हां चढलीं. पेट्या मात्र उघडल्या गेल्या नाहींत.

आतां भंगारवाला दारांत येऊन गेला आहे. मालकांचें वय ऐंशीच्या पुढें, मुलें बाहेरगांवीं. त्यांनीं आम्हांस स्पष्ट सांगितलें, “भाऊसाहेब, दसऱ्यापर्यंत थांबतों. पुढें मात्र काटा लावीन.” त्यांस आम्ही दोष देत नाहीं. खाऱ्या वाऱ्यांत लोखंड ठेवणें म्हणजे दरवर्षीं थोडें थोडें गमावणें होय. परंतु लावणी आटोपल्यापासून कापणी लागेपर्यंत शेतकऱ्याचे हात थोडे मोकळे असतात, आणि दसऱ्याची मुदत नेमकी त्या काळाच्या अखेरीस येते. तेवढ्या अवधींत ही गाडी उभी करावयाची आहे.

गाडीचें पूर्ववृत्त

असली गाडी सुटी करून पुन्हां जोडतां येते काय, अशी शंका कित्येकांस येईल. वस्तुतः या गाडीचा जन्मच त्या कल्पनेवर झाला आहे. १९४० सालीं अमेरिकन सैन्याला हलकी, चारही चाकांस गति देणारी गाडी हवी होती. बँटम नांवाच्या लहान कंपनीसाठीं कार्ल प्रॉब्स्ट यांनीं तिचा आराखडा केला व त्याच वर्षीं सप्टेंबरांत पहिली गाडी सैन्याच्या हवालीं केली. पुढें विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनीं युद्धकाळांत एकाच नमुन्यावर मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. एका कारखान्याचे बहुतेक भाग दुसऱ्याच्या गाडीस बसावेत अशी योजना होती. कारण रणांगणावर दोन मोडक्या गाड्यांतून एक धडकी गाडी उभी करावी लागे.

युद्ध संपतांच १९४५ सालीं विलीजनें हीच गाडी शेतकऱ्यासाठीं म्हणून बाजारांत आणली. तिला मागें ओढपट्टी होती, आणि जादा किंमत दिल्यास इंजिनाची शक्ति बाहेर काढणारा दांडा मिळे. त्यावर पट्टा चढवून मळणीचें यंत्र किंवा करवत चालवितां येई. म्हणजे जीप ही शेतीला परकी वस्तु नव्हे.

आपल्या किनाऱ्याशीं तर तिचें नातें अधिकच जवळचें आहे. १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीनें परदेशांतून सुट्या भागांच्या पेट्या आणवून मुंबईस माझगांव येथें जीपगाड्या जोडण्यास प्रारंभ केला. ज्या भाऊच्या धक्क्यावरून आपण रेवसची लाँच धरीत आलों, आणि जेथून २०२० पासून मांडव्यास वाहनांसह बोट येते, तो धक्का त्याच माझगांवांत आहे. खाडीपलीकडे सामान्य कामगारांनीं पेट्या फोडून जें काम केलें, तें खाडीअलीकडे आपल्या हातून होणार नाहीं असें मानण्यास कांहींच आधार नाहीं. शिवाय मूळ कंपनीनें १९६८ सालीं सीजे-३बी बनविणें थांबविलें तरी आपल्या देशांत ती पुढेंही बनत राहिली. त्यामुळें तिचे भाग आजही जुन्या बाजारांत, गॅरेजांत आणि शेतकऱ्यांच्या माळ्यांवर सांपडतात.

जोडणीचा क्रम

आमचा जन्म कचेरींत दप्तर सांभाळण्यांत गेला. म्हणून पहिली गोष्ट आम्ही नोंदवहीची सांगतों. एकही पेच फिरविण्यापूर्वीं प्रत्येक भागास क्रमांक देऊन वहींत पांच रकाने भरावे: क्रमांक, भागाचें नांव, कोणत्या पेटींत सांपडला, स्थिति, आणि काय हवें. हें काम आम्हीं आरंभिलें आहे. बेअरिंगांच्या खालीं घातलेल्या पातळ पत्र्याच्या चकत्या, ज्यांस मिस्त्री लोक शिम म्हणतात, त्या ज्या बाजूच्या त्या बाजूसच वेगळ्या पुडींत ठेवाव्या. पुढच्या चाकांच्या वळणाच्या सांध्यांत या चकत्या कमीअधिक झाल्या तर सुकाणूं एकतर जड होतें किंवा थरथरूं लागतें.

दुसरी गोष्ट चासी. ती सपाट जमिनीवर घोड्यांवर ठेवून कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी दोरी दोन्ही बाजूंनीं धरावी. दोन्ही मापें सारखीं आलीं तर सांगाडा काटकोनांत आहे. शेताची चौकट तपासण्याची ही रीत प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. गंज घासतांना चासीवर ठोकलेला क्रमांक मात्र जपावा. यंत्राच्या ब्रशानें तो एकदां पुसला गेला म्हणजे सुधारलेली गाडी कागदांवर बेवारस ठरते.

तिसरी गोष्ट पाटे व धुरे. पुढच्या व मागच्या धुऱ्यांतील दातेरी चक्रांचें प्रमाण एकच असलें पाहिजे. या जातीच्या गाडींत तें बहुधा ८ दात्यांस ४३ दाते, म्हणजे सुमारें ५.३८ असें असतें. तपासण्याची युक्ति सोपी आहे. धुऱ्याचें एक चाक घट्ट धरावें, दुसरें बरोबर दोन फेरे फिरवावें, आणि शाफ्ट जोडण्याची जागा किती फेरे फिरते तें मोजावें; पांचांहून थोडे अधिक, म्हणजे पांच आणि एक-तृतीयांशाच्या किंचित वर, फेरे आले पाहिजेत. हीच परीक्षा दोन्ही धुऱ्यांस करावी. कोणीं मध्यंतरीं एक धुरा दुसऱ्या गाडीचा बसविला असेल तर चारही चाकें जोडतांच यंत्र स्वतःशींच भांडूं लागतें व दाते तुटतात. चाकांचे नट काढतांना हेंही ध्यानांत ठेवावें कीं, अशा जुन्या गाड्यांत डाव्या बाजूचे नट पुष्कळदां उलट पेचाचे असतात. बळ करून ते तोडूं नयेत.

चौथी गोष्ट इंजिन. तें चार सिलिंडरांचें, सुमारें २२०० घनसेंटिमीटरांचें. आंत हवा घेणारे व्हॉल्व्ह वर टोपणांत, आणि धूर सोडणारे खालीं ठोकळ्यांत, अशी त्याची वेगळी रचना आहे. त्याच उंचीमुळें या गाडीचें बॉनेट उंच दिसतें. सध्यां इंजिन जाम आहे. येथें धीर हाच उत्तम पाना होय. प्लगांच्या भोंकांतून डिझेल व ऑइल यांचें मिश्रण ओतून आठ-दहा दिवस मुरूं द्यावें, नंतर मागचें जड चक्र हातानें थोडें पुढें, थोडें मागें असें हलवावें. गाडी ओढून किंवा स्टार्टर लावून जाम इंजिन फिरविण्याचा मोह टाळावा. त्यानें पिस्टन व सळई दोन्ही जातात. इंजिन सुटल्यावर ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा लावावा. गिअरपेटी व तिच्या मागची चार चाकांची पेटी या दोहोंत तेल एकमेकींकडे झिरपतें. म्हणून एकींत तेल कमी दिसलें तर दुसरीही पाहावी.

ब्रेकच्या बाबतींत मात्र जुन्याचा लोभ धरूं नये. सिलिंडरांतील रबर, नळ्या आणि ब्रेकचें तेल सर्व नवें घालावें, कारण तें तेल हवेंतील ओल शोषतें आणि आपल्या किनाऱ्यावर ओलीची वाण नाहीं. विजेच्या ताराही नव्याच घ्याव्या. पत्र्याचें काम व रंग सर्वांत शेवटीं. कित्येक हौशी लोक आधीं रंग देतात, आणि चार महिन्यांनीं रंगविलेली पण न चालणारी गाडी पुन्हां झांकून ठेवतात.

कागदपत्रें

खाजगी वाहनाची नोंदणी १५ वर्षें चालते व पुढें दर ५ वर्षांनीं तपासणी करून तिचें नूतनीकरण करावें लागतें. जुन्या वाहनांस पर्यावरण करही आहे. आपल्या तालुक्याचें हें काम पेण येथील परिवहन कार्यालयांत, म्हणजे एमएच-०६ या नोंदणींत चालतें. दुसरी वाट २०२१ सालच्या नियमांनीं उघडली आहे. पहिल्या नोंदणीस ५० वर्षें होऊन गेलेलें आणि मूळ स्वरूपांत राखलेलें दुचाकी वा चारचाकी वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदतां येतें. नव्या नोंदणीचें शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षें, पुढील नोंदणीस ५,००० रुपये. परंतु असें वाहन प्रदर्शन, मेळावा, तांत्रिक अभ्यास, इंधन व दुरुस्ती एवढ्यापुरतेंच रस्त्यावर आणतां येतें.

शेतकऱ्यानें यांतील भेद नीट ओळखावा. ज्यास गाडी राबवावयाची आहे त्यानें साध्या नूतनीकरणाची वाट धरावी. आमचे मालक याच मताचे आहेत. “शोभेची गाडी मला नको,” असें ते म्हणतात. तरीही दुसरें दार बंद करूं नये. म्हणून चासी कापणें, सांगाडा लांबविणें किंवा पेट्रोलचें इंजिन काढून डिझेलचें घालणें, या गोष्टी या कामांत होणार नाहींत. ही अट मदतीस येणाऱ्यांनीं आधींच मान्य करावी. खर्च कमी येतो म्हणून डिझेलचा आग्रह धरणारे पुष्कळ भेटतात आणि त्यांचा हिशेब चुकीचा नाहीं. पण तो रोज शंभर किलोमीटर जाणाऱ्याचा हिशेब आहे, वाडी ते बाजार करणाऱ्याचा नव्हे.

साह्याची अपेक्षा

हें काम एका मिस्त्रीस मजुरीनें देण्याची मालकांची ऐपत नाहीं आणि एकट्या मिस्त्रीस तें दसऱ्यापर्यंत उरकणारही नाहीं. परंतु खाडीच्या बांधाला खांड गेली असतां आपल्या वाडवडिलांनीं कोणाच्या मजुरीची वाट पाहिली? घरटी एक माणूस निघे; कोणी चिखल कापी, कोणी पेंढा आणी, आणि भरतीच्या आधीं बांध उभा राही. इर्जिकेचा तोच न्याय आम्ही या गाडीस लावूं इच्छितों.

आम्हांस पुढील माणसें हवीं आहेत. जुन्या जीपगाडीचें इंजिन ज्यानें उघडलें आहे असा एक तरी अनुभवी मिस्त्री, मग तो वयानें कितीही असो; त्याला वांकावें लागणार नाहीं, बसून सांगावें. पाट्यांचें व पिनांचें काम जाणणारा लोहार. वेल्डिंगवाला. तारांचें काम करणारा. आणि चार-पांच तरुण, ज्यांच्या घरीं पॉवर टिलर आहे. तरुणांवर आमचा विशेष भर आहे. टिलरचा क्लच, गिअर व बेअरिंग याच कुळांतले आहेत. जो येथें एक गिअरपेटी धुऊन पुन्हां जोडील तो ऐन लावणींत बंद पडलेल्या टिलरपुढें हतबल होणार नाहीं. गाडी एका माणसाची होईल. विद्या मात्र जितके हात लागतील तितक्यांची होईल.

ज्यांस येणें शक्य नाहीं त्यांनीं आपल्या माळ्यावर एकवार पाहावें. कार्ब्युरेटर, चार चाकांच्या पेटीचे दांडे, उलट पेचाचे नट, दुरुस्तीचें जुनें पुस्तक, असें कांहीं असेल तर तें देणगी म्हणून, उसनें किंवा रास्त दामानें चालेल. प्रत्येक वस्तूची पावती मिळेल.

अटी थोडक्यांत अशा: काम दर रविवारीं सकाळीं ८ ते दुपारीं १ पर्यंत, मजुरी नाहीं, जेवण मालकांकडे. ज्याचा पाना त्यानें खूण करून आणावा. परत नेतांना वहींत सही करावी. जॅकवर उभ्या गाडीखालीं घोडी लावल्याशिवाय कोणीं शिरूं नये; पेट्रोलजवळ विडी ओढूं नये. गाडी चालूं लागल्यावर खारेपाटांतील सभासदांचें बियाणें व रोपें पोंचविण्यासाठीं ती आठवड्यांतून एक दिवस द्यावी, असें मालकांनीं कबूल केलें आहे. वाहन खाजगी असल्यामुळें त्याबद्दल भाडें घेतलें जाणार नाहीं.

इच्छुकांनीं आपलें नांव, गांव आणि येत असलेलें काम एवढें लिहून संस्थेच्या कार्यालयांत या महिनाअखेरपर्यंत पाठवावें. पहिल्या रविवारीं पेट्या उघडून नोंद पुरी करण्याचें काम आहे. त्यास कसब लागत नाहीं, फक्त डोळे आणि सवड लागते. दसऱ्यास आपण अवजारांची पूजा करतों. यंदा त्या वखारीपुढें तराजू लागावयाचा कीं झेंडूची माळ, हें आपल्या चार-सहा रविवारांवर अवलंबून आहे.