खाडीतील पारा आणि ताटातील मासा

मासळी ताजी आहे की नाही, हे कोळीण कल्ला उचलून क्षणात सांगते. कल्ल्याची लाली, डोळ्याची चमक, अंगाचा घट्टपणा, एवढ्या खुणा तिला पुरतात. परंतु मासळीच्या मांसात पारा आहे काय, हे सांगणारी एकही खूण माशाच्या अंगावर नसते. ते काम प्रयोगशाळेचेच होय.

साष्टी बेट व मुख्य भूमी यांच्यामधून गेलेली ठाण्याची खाडी या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. तिच्या पूर्वकाठी १९६० नंतर कारखान्यांचा मोठा पट्टा उभा राहिला. मिठाच्या पाण्यात वीज खेळवून कॉस्टिक सोडा काढण्याच्या तत्कालीन पद्धतीत वाहत्या पाऱ्याचा थर वापरीत. त्यातील थोडाथोडा पारा सांडपाण्यातून निसटे. १९८१ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या झिंगडे व देसाई यांनी या खाडीतील पाऱ्याविषयी आपला निबंध प्रसिद्ध केला.

एवढ्या पाण्यात एवढासा पारा विरून जाईल, असे कोणालाही वाटेल. पण तसे घडत नाही. पारा गाळाच्या कणांना चिकटून तळाशी बसतो. तेथे प्राणवायू नसतो, आणि अशा चिखलात राहणारे काही जीवाणू त्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. हे रूप फार घातक. सूक्ष्म जीवांतून ते मांदेलीत येते, मांदेलीतून घोळीत, मुशीत. ते शरीरात येते भराभर आणि जाते सावकाश; मनुष्याच्या शरीरातही त्याचा निम्मा भार उतरावयास सुमारे ५० ते ७० दिवस लागतात. म्हणून मासा जितका मोठा, वयस्क व शिकारी, तितका त्यात पारा अधिक.

याचे भयंकर रूप जपानमधील मिनामाटा येथे १९५६ साली उघडकीस आले. कारखान्याचे सांडपाणी उपसागरात जाई, आणि तेथील मासळीवर जगणाऱ्या कोळी कुटुंबांत हातपाय थरथरू लागले, दृष्टी आकसली, वाणी अडखळू लागली. मांजरेही झटके येऊन मेली. आई धडधाकट दिसत असता मूल मात्र जन्मतःच पंगू निपजे. आपल्या खाडीकाठी असा प्रकार घडला, असे येथे सुचवावयाचे नाही. पण रोज स्वतःच्या जाळ्यातलेच खाणाऱ्या घराला धोका प्रथम, हे तेथे सिद्ध झाले.

गृहिणी विचारील, नीट शिजविले तर? मिथिल पारा स्नायूंतील प्रथिनांशी जखडलेला असतो. तो उकळून वा तळून जात नाही. कॅडमियमची गोष्ट थोडी निराळी. तो खेकड्याच्या व माकुळाच्या आतड्या-यकृतासारख्या भागांत अधिक साचतो, तेव्हा ते भाग काढून टाकल्याने लाभ होतो. कालवे व तिसऱ्या पाणी गाळूनच जगतात. म्हणून त्या कोठल्या खाडीतल्या, हे विचारून घ्यावे. गर्भवती स्त्रियांनी व लहान मुलांनी मुशीसारख्या मोठ्या शिकारी माशांऐवजी बोंबील, मांदेली, तारली खावी. मासळी सोडण्याचे मात्र कारण नाही. तिच्यासारखे पौष्टिक अन्न थोडे. बर्फातली समुद्राची मासळी आता चंडीगडसारख्या दूरच्या नगरातही पोहोचते; तेथील ग्राहकाला तर खाडीचे नावही कळत नाही. भारताच्या २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी मिथिल पाऱ्याची मर्यादा दर किलोग्रॅम अन्नास पाव मिलिग्रॅम अशी ठरविली.

पाऱ्याची ती जुनी पद्धत भारतातील कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यांतून आता बहुतांशी गेली आहे, आणि २०२२ साली ठाण्याच्या खाडीला रामसर पाणथळीचा मान मिळाला. पण जुना पारा गाळातच आहे. खाडीचा तळ उपसला की तो पुन्हा पाण्यात येऊ शकतो.