कागदाचा पांढरा

पारदर्शक जलरंगात पांढरा रंग वापरत नाहीत. नऊवारीवर पडलेलं ऊन, घाटाच्या ओल्या पायरीची चमक, तांब्याच्या काठावरचा उजेडाचा ठिपका, हे सगळं म्हणजे न रंगवलेला कागद. तैलरंगात उजेड शेवटी चढवता येतो. इथे तो पहिल्या वॉशच्या आधीच राखून ठेवावा लागतो. चुकून रंग गेलाच, तर ओल्या ब्रशनं तो थोडाफार उचलता येतो, पण कागदाचं मूळचं तेज परत येत नाही. काय रंगवायचं नाही हे आधी ठरवणारं हे माध्यम मला म्हणूनच फार मोठं वाटतं.

साहित्य मोजकंच: अरबी डिंकात खललेलं रंगद्रव्य, पाणी आणि खरबरीत कागद. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात. त्यात बर्न्ट सिएना मिसळला की आषाढातल्या ढगांचा जिवंत करडा मिळतो. ट्यूबमधल्या काळ्यातून तो येत नाही. शिवाय हवा सांभाळावी लागते. एप्रिलच्या उन्हात वॉश पसरेपर्यंत त्याची कड वाळते आणि नको तिथे रेघ उमटते. श्रावणात तोच कागद वाळता वाळत नाही. घाईनं दुसरा थर दिला की खालचा उठतो आणि रंग मळतो. वाईच्या किंवा नाशिकच्या घाटावर ‘ऑन द स्पॉट’ लँडस्केप करायला बसणारे विद्यार्थी हे पुस्तकाआधी हवेकडून शिकतात.

मुंबईत 1857 साली सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये हे विलायती माध्यम आलं आणि इथल्या माणसांत रमलं. कोल्हापूरचे अबालाल रहिमान तिथे शिकून गावी परतले आणि कोटीतीर्थाचा परिसर पुन्हापुन्हा रंगवत राहिले. कोल्हापुरातच जन्मलेल्या एम. व्ही. धुरंधरांनी (1867–1944) माणसं टिपली. ओटो रोथफील्डच्या भारतीय स्त्रियांवरच्या पुस्तकासाठी त्यांनी काढलेल्या चित्रांत लुगडं नेसण्याची तऱ्हा, दागिना, उभं राहण्याची ढब इतकी नेमकी आहे की ती चित्रं म्हणजे त्या काळच्या पेहरावाचा दस्तऐवजच.

सावंतवाडीचे एस. एल. हळदणकर (1882–1968) यांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र मात्र थांबून पाहावं असं. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात ते आहे. पुष्कळजण ते राजा रविवर्म्याचं समजतात, हे हळदणकरांवर अन्यायाचं आहे. मॉडेल होती त्यांची मुलगी गीता. ज्योतीआड धरलेल्या तळहातातून उजेड झिरपतो, बोटांच्या कडा लालसर होतात, चेहरा उजळतो आणि भोवती काळोख. एवढा गडद काळोख जलरंगात मळू न देता उतरवणं किती अवघड, ते ब्रश हाती धरलेल्यालाच कळेल.

अशा चित्रांचा खरा शत्रू प्रकाश आहे. अलिझरिन क्रिमसनसारखे काही रंग उजेडात फिके पडतात, आणि ते परत आणता येत नाहीत. संग्रहालयं म्हणूनच जलरंग मंद दिव्यांखाली आणि थोडे दिवसच मांडतात. घरात जुनं जलरंगचित्र असेल, तर ते उन्हाच्या भिंतीवरून आजच काढावं. काचेला कागद चिकटू नये म्हणून मधे माउंट असावा आणि पावसाळ्यात फ्रेमच्या मागे बुरशी धरली नाही ना, हेही पाहावं.