लाकडी जिन्याचे रंगकाम

लाकडी जिन्याचे रंगकाम म्हणजे वापराने झिजलेल्या, डागाळलेल्या किंवा जुना रंग सुटू लागलेल्या लाकडी जिन्याची डागडुजी करून त्यावर रंगाचे नवे थर चढवणे होय. जिना नव्याने बसवणे किंवा त्यावर गालिचा अंथरणे यांपेक्षा हा उपाय स्वस्त असून घरच्या माणसांनाही तो करता येण्याजोगा आहे. मात्र भिंतीवरील रंग केवळ पाहिला जातो, तर जिन्यावरील रंगावरून रोज चालले जाते. त्यामुळे या कामात रंगाच्या निवडीपेक्षा त्याखालील लाकडाची तयारी अधिक निर्णायक ठरते.

पार्श्वभूमी

व्हिक्टोरिया राणीच्या काळात (१८३७–१९०१) ब्रिटनमधील शहरांत बांधल्या गेलेल्या ओळीच्या घरांतील जिने बहुधा पाइनसारख्या मऊ लाकडाचे असत. पायऱ्यांच्या मधोमध गालिच्याची लांब पट्टी अंथरून ती धातूच्या दांड्यांनी अडकवली जाई आणि दोन्ही कडांचा उघडा राहणारा भागच तेवढा रंगवला जाई. असा गालिचा आज काढला की मध्ये कोरे लाकूड व दोन्ही बाजूंना रंगाचे जाड थर असे दृश्य दिसते. त्याला एकसारखे रूप देण्यासाठी संपूर्ण जिना रंगवला जातो. काही घरांत मधोमध वेगळ्या रंगाचा पट्टा ओढून गालिच्याचाच आभास निर्माण करतात.

महाराष्ट्रातील जुने वाडे व मुंबईतील चाळी यांमध्ये सागवानी जिने आढळतात. सागवानात नैसर्गिक तेल असल्यामुळे त्यावर रंग सहजासहजी धरत नाही. रंगवण्यापूर्वी पृष्ठभाग घासून द्रावकाने पुसावा लागतो. शिवाय रंग लाकडाच्या छिद्रांत शिरतो आणि पुढे तो काढायचा झाल्यास लाकडाचा वरचा थरही तासला जातो. म्हणून सुस्थितीतील सागवानाला पॉलिश करणेच श्रेयस्कर असते. रंग हा मुख्यतः मऊ, जोडकाम केलेल्या किंवा आधीच रंगवलेल्या जिन्यांसाठीचा उपाय आहे.

दुरुस्ती

रंगामुळे दोष झाकला जातो, दूर होत नाही. वाळवीने पोखरलेली पायरी रंगवल्यावर नव्यासारखी दिसते. परंतु तिची भार पेलण्याची क्षमता जराही वाढत नाही आणि धोक्याची खूण मात्र नाहीशी होते. त्यामुळे प्रत्येक पायरी ठोकून पाहतात. पोकळ आवाज येणारी, अथवा टोचणी सहज आत जाणारी फळी बदलावी लागते.

पायरी करकरते तेव्हा बहुधा तिचा आडवा भाग उभ्या फळीपासून सैल झालेला असतो. जिन्याची खालची बाजू मोकळी असल्यास तेथून सांध्यात सरस लावलेली पाचर ठोकणे किंवा कोपऱ्यात लाकडी ठोकळा बसवणे हा टिकाऊ उपाय होय. सांधा हलता राहिल्यास त्यावरील रंगाला काही आठवड्यांतच भेग पडते.

पायरीची पुढे आलेली कड सर्वाधिक झिजते. लहान खाचा लांबीने भरता येतात. मात्र पावलांनी मधोमध पडलेला मोठा खळगा लांबीने भरल्यास तो पुन्हा उखडतो. तेथे नवा लाकडी तुकडा सांधणे किंवा फळी उलटून बसवणे योग्य ठरते. पाइनच्या गाठींमधून राळ झिरपून पांढऱ्या रंगावर पिवळसर डाग उमटतात. ते रोखण्यासाठी गाठींवर आधी लाखेच्या अस्तराचा हात देतात.

जुन्या रंगातील शिसे

जुन्या तैलरंगांत पांढऱ्या व पिवळ्या छटांसाठी शिशाची संयुगे वापरली जात. अमेरिकेत घरगुती वापराच्या शिसेयुक्त रंगांवर १९७८ मध्ये बंदी आली. भारतात २०१६ च्या नियमांनुसार घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करण्यात आले. त्यापूर्वी रंगवलेल्या जिन्यात शिसे असू शकते.

जिन्याच्या बाबतीत हा धोका विशेष आहे, कारण सुस्थितीत दिसणारा रंगही पावलांच्या घर्षणाने भुकटी होऊन गळत राहतो. लहान मुले त्याच पायऱ्यांवर रांगतात, बसतात आणि तेच हात तोंडात घालतात. शिशाचा मुलांच्या मेंदूच्या वाढीवर कायमस्वरूपी परिणाम होतो व त्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही. शिशाची शंका असल्यास रंगाची चाचणी करून घेतात. शिसे आढळल्यास कोरडे घासणे, यंत्राने घासणे व ज्योतीने रंग जाळणे पूर्णतः टाळावे लागते. पृष्ठभाग ओला ठेवून घासणे, योग्य मुखपट्टी वापरणे, काम संपेपर्यंत मुले व गर्भवती स्त्रियांना दूर ठेवणे आणि धूळ झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने टिपणे ही किमान काळजी होय.

रंगवण्याची पद्धत

लाकूड आधी जाड्या व मग बारीक पॉलिश पेपरने घासून पूर्ण पुसल्यावर अस्तर लावतात. त्यावर जमिनीसाठी बनवलेल्या कठीण रंगाचे दोन किंवा तीन पातळ हात देतात. भिंतीचा रंग येथे टिकत नाही. तैल इनॅमल कठीण असते, परंतु उशिरा वाळते आणि त्याची पांढरी छटा कालांतराने पिवळी पडते. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग लवकर वाळतात व त्यांना वासही कमी येतो.

घरात दुसरा जिना नसल्यास एक सोडून एक पायरी रंगवतात आणि ती वाळल्यावर उरलेल्या घेतात. उतरणाऱ्याने मधली पायरी विसरू नये म्हणून ठळक खुणा करणे आवश्यक असते. या काळात वृद्धांनी जिना न वापरणेच बरे.

हाताला कोरडा लागणारा रंग पक्का झालेला नसतो. वरचा थर काही तासांत सुकला तरी पूर्ण कठीणपणा येण्यास अनेक दिवस, कधी काही आठवडे लागतात. घाईने केलेल्या वापराने बुटांचे ठसे उमटतात व कडेचा रंग निघतो. पावसाळ्यातील दमट हवेत हा काळ आणखी लांबतो.

निसरडेपणा व निगा

चकचकीत रंगाची पायरी, विशेषतः ओल्या पायांना, निसरडी होते. त्यामुळे शेवटच्या हातात बारीक वाळूसारखी खरखरीत भुकटी मिसळतात किंवा कडेला खरखरीत पट्टी चिकटवतात. उभ्या फळ्या पांढऱ्या व आडव्या फळ्या गडद ठेवण्याची पद्धत रूढ आहे. तथापि सर्व आडव्या फळ्या एकाच गडद रंगाच्या असल्यास उतरताना, मंद उजेडात, त्यांच्या सीमा एकमेकींत मिसळतात. दृष्टी अधू असलेल्यांसाठी प्रत्येक पायरीची कड वेगळ्या रंगाने दाखवणे उपयुक्त असते.

रंग प्रथम कडेवरच झिजतो. तेथे लाकूड उघडे पडताच ती जागा घासून पुन्हा रंगवल्यास संपूर्ण जिना पुन्हा रंगवण्याची वेळ बरीच लांबते. त्यासाठी उरलेला रंग घट्ट झाकणाच्या डब्यात भरून, त्यावर छटेचा क्रमांक लिहून ठेवतात.