पडद्यावरची इच्छा, हातातली छडी

ऑरलँडोच्या 'युनिव्हर्सल स्टुडिओज फ्लोरिडा'मध्ये तळ्याकाठी हॅरी पॉटरच्या कथेतल्या लंडनमधल्या इमारतींची एक रांग उभी आहे. किंग्ज क्रॉस स्टेशनचा दर्शनी भाग, विटांची जुनी घरं, लाल टेलिफोन बूथ आणि जांभळी तीनमजली बस. एका घराच्या वरच्या खिडकीचा पडदा मधूनच सरकतो, सुरकुतलेला एक चेहरा डोकावतो आणि लगेच आत जातो. बूथमध्ये शिरून ६२४४२ फिरवलं, तर थेट जादूच्या मंत्रालयात फोन लागतो. ज्या गल्लीसाठी हजारो लोक इथे येतात, त्या 'डायगॉन ॲली'च्या नावाची पाटी मात्र या रांगेत कुठेच दिसत नाही.

वाट सापडते ती पुढच्या माणसांच्या पाठी बघून. दोन इमारतींच्या मधून विटांच्या भिंतीआड एक बोळ वळतो. विटा एकमेकींवर घासल्याचा आवाज कानावर येतो, आणखी एक वळण येतं आणि समोर सबंध गल्ली उघडते. वाकड्या छपरांची दुकानं, एकमेकांवर कलंडलेले मजले आणि शेवटी ग्रिंगॉट्स बँकेची तिरपी पांढरी इमारत, तिच्या माथ्यावर पांढुरका ड्रॅगन. वळणावर जवळजवळ प्रत्येक जण थबकतो आणि मागच्यांना थांबावं लागतं. थोड्या वेळाने ड्रॅगन तोंडातून आगीचा लोळ सोडतो. फ्लोरिडाच्या उन्हातही ती धग चेहऱ्यावर वेगळी कळते.

आमच्यातली दोन माणसं इथे अगदी वेगवेगळ्या तयारीने आली होती. अटलांटात वाढणाऱ्या माझ्या भाचीला हॅरी पॉटरची सातही पुस्तकं आणि आठही चित्रपट तोंडपाठ. आईने त्यातलं एक पानही वाचलेलं नाही, एक दृश्यही पाहिलेलं नाही. चित्रपटावर उभारलेली अशी जागा लोकांना का भावते, हा प्रश्न मला बरेच दिवस पडलेला होता. ओळखीचं दिसल्याचा आनंद एवढंच त्याचं उत्तर असेल, तर आईसाठी इथे काहीच असायला नको. म्हणून मी गल्लीपेक्षा या दोघींकडेच जास्त बघत राहिले.

भाची आम्हाला पहिल्यांदा नेते ती ऑलिव्हँडर्सच्या छडीच्या दुकानात. वीस-पंचवीस जणांचा गट एका अंधाऱ्या खोलीत घेतात. छतापर्यंत छड्यांच्या अरुंद पेट्या रचलेल्या. दुकानदार शांतपणे सगळ्यांवरून नजर फिरवतो आणि एकाला पुढे बोलावतो. त्या दिवशी निवड झाली ती आठेक वर्षांच्या एका बुजऱ्या मुलाची. पहिली छडी फिरवताच कपाटातल्या पेट्या खडखडून पुढे सरकल्या. दुसरीने फूल कोमेजलं. तिसरी हातात येताच वरून प्रकाश पडला, वाऱ्याची झुळूक आली, संगीत सुरू झालं. त्या मुलाने आईबाबांकडे पाहिलंच नाही. तो छडीकडे बघत होता. खोलीतल्या बाकीच्यांना काहीच मिळालेलं नव्हतं, तरी एकाचाही चेहरा हिरमुसलेला दिसेना. दुकानदार कुणालाही निवडू शकला असता, म्हणजे आपल्यालाही निवडू शकला असता, हे जो तो मनात धरून होता. तिथलं दार उघडतं ते विक्रीच्या दालनात. तुम्हाला निवडणारी छडी विकतच घ्यावी लागते.

खरी मौज छडी घेऊन बाहेर पडल्यावर सुरू होते. छडीबरोबर एक नकाशा मिळतो. गल्लीत ठिकठिकाणी जमिनीत पितळी चकत्या बसवलेल्या आहेत. चकतीवर मंत्राचं नाव आणि हवेत काढायची आकृती कोरलेली असते. तिथे उभं राहून समोरच्या खिडकीकडे छडी फिरवायची. छडीच्या टोकाला प्रकाश परावर्तित करणारा बारीक मणी असतो. खिडकीत दडवलेला कॅमेरा अवरक्त किरणांच्या उजेडात त्या ठिपक्याची वाट टिपतो आणि आकृती जुळली, तर आतली यंत्रणा चालू होते. लोहाराच्या दुकानातली अवजारं हलू लागतात, छत्रीच्या आकाराच्या पाटीखाली उभ्या असलेल्याच्या डोक्यावर पाणी गळतं, नॉकटर्न ॲली या काळोख्या बोळात एक सांगाडा तुमच्या हालचालींची नक्कल करतो.

मी एका खिडकीपाशी बराच वेळ उभी राहिले. मुलं येतात ती छडी तलवारीसारखी फिरवत. काहीच होत नाही. मग झगा घातलेली तिथली कर्मचारी मुलगी गुडघ्यावर बसते, हात न धरता स्वतःच्या बोटाने हवेत आकृती काढून दाखवते. "सावकाश, मनगटातून. खांद्यातून नाही." दुसऱ्यांदाही जमत नाही. तिसऱ्यांदा आतली वस्तू हलते आणि मूल आधी मागे सरकतं, मग हसतं. यंत्रणा दर वेळी आपोआप चालावी अशी करणं काही अवघड नव्हतं. पण मग ती जादू मुलाची राहिली नसती. चुकण्याला वाव ठेवलाय, म्हणून जमल्याला किंमत आहे. आणि ती राखण्याचं काम दिवसभर उन्हात गुडघे टेकणारी ती मुलगी करते आहे.

आई हे सगळं बाजूला उभी राहून बघत होती. भाचीने छडी तिच्या हातात दिली. "आजी, तू कर आता." आई आधी नको नको म्हणाली. मग चकतीवर उभी राहून तिने हात उचलला. रोज रांगोळी काढणारा हात तो, त्याने ती आकृती एका ओघात काढली. खिडकीतली वस्तू हलली. "अगं, हे मी केलं?" असं मला विचारत असतानाच तिची नजर पुढची चकती शोधू लागली होती. मंत्र कोणता, तो कोणत्या भागात कुणी म्हटला, यातलं काहीही तिला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून तिचं काही अडलं नाही.

इथून त्याच कथेतल्या हॉग्समीड गावाला आगगाडी जाते. ते गाव शेजारच्या 'आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर' या उद्यानात आहे, त्यामुळे दोन्ही उद्यानांचं तिकीट लागतं. हॉग्समीड २०१० च्या जूनमध्ये खुलं झालं. तेव्हा दुकानांत शिरायलाही लांबच लांब रांगा लागत होत्या. पुढे 'जॉज' ही शार्क माशाची जुनी राइड २०१२ मध्ये बंद करून त्या जागेवर डायगॉन ॲली बांधली गेली. ती २०१४ च्या जुलैत सुरू झाली. आठही चित्रपटांचे कलादिग्दर्शक स्टुअर्ट क्रेग या जागांच्या रचनेतही होते. पडद्यावरचं लाकूड आणि इथलं लाकूड एकाच नजरेखालून गेलेलं आहे.

पावणेदहा नंबरच्या फलाटावर भिंतीतून आरपार जाण्याचा प्रसंग इथे फार हुशारीने रचलाय. रांगेत पुढे असलेली माणसं विटांच्या भिंतीत शिरून नाहीशी होताना मागच्यांना दिसतात. एकोणिसाव्या शतकातल्या रंगभूमीवरची, तिरक्या काचेवरच्या प्रतिबिंबाची ही युक्ती. गंमत अशी, की जो भिंतीतून जातो त्याला स्वतःला काहीच दिसत नाही. तो साध्या बोळातून चालत असतो. जादू दिसते ती मागे उभ्या असलेल्या त्याच्या माणसाला. म्हणून इथे घरची माणसं एकमेकांना पुढे पाठवतात, मग मागचा पुढे येतो, पुढचा मागे जाऊन बघतो. आगगाडीत खिडकीच्या जागी पडदा आहे, डब्याच्या दाराच्या काचेवर बाहेरून जाणाऱ्यांच्या सावल्या पडतात. जातानाचा प्रवास वेगळा, येतानाचा वेगळा.

गणेशोत्सवात आपल्याकडे चित्रपटातला राजवाडा हुबेहूब उभा करतात. त्यामागची मेहनत थक्क करणारी असते. पण देखाव्यापुढे आपण हात जोडून उभे राहतो, बघतो आणि रांगेबरोबर पुढे सरकतो. तो बघण्यासाठीच असतो. डायगॉन ॲलीत बघणाऱ्याच्या हाती काहीतरी करायला दिलं आहे. चित्रपट पाहताना प्रेक्षकाच्या मनात एक इच्छा उमटते: मलाही छडीने निवडावं, ती गाडी मलाही मिळावी. चित्रपट ती इच्छा जागी करतो आणि तिथेच सोडून देतो. ती ओळखून तिला हात, पाय आणि वेळ देणं हे अशी जागा बांधणाऱ्यांचं खरं काम आहे. हे काम नीट झालं, तर चित्रपट न पाहिलेल्यालाही त्या इच्छेचा अर्थ लागतो. आपली कुणीतरी निवड करावी, आपल्या हातून काहीतरी अचाट घडावं, असं वाटायला पुस्तक वाचलेलं असावं लागत नाही.

चित्रपट आणि उद्यान यांचं नातं जुनं आहे. डिस्नेलँड १९५५ मध्ये सुरू झालं तेव्हा त्यातला राजवाडा 'स्लीपिंग ब्यूटी'च्या नावाचा होता. तो चित्रपट आला १९५९ मध्ये. 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' ही राइड १९६७ ची, तिच्यावरचा चित्रपट २००३ चा. म्हणजे राजवाडा चित्रपटाआधी उभा राहिला आणि राइडमधून चित्रपट जन्मला. दोन्हींत कोण कुणाच्या मागे चाललंय, हे कधीच पक्कं नव्हतं.

'अवतार'वरची पँडोरा नगरी डिस्नेच्या ॲनिमल किंगडममध्ये २०१७ साली उघडली. चित्रपट २००९ चा, पुढचा भाग २०२२ मध्ये यायचा होता. मधल्या काळात त्या पात्रांची नावंसुद्धा कुणाला आठवत नाहीत, असं सर्रास बोललं जायचं. तरीही लोक तिथे तासन् तास रांगेत उभे राहिले. वेलींच्या आधाराने तरंगल्यासारखे दिसणारे पर्वत आणि रात्री उजळणारी झाडं डोळ्यांना पुरेशी आहेतच, पण 'फ्लाइट ऑफ पॅसेज' या राइडमध्ये तुम्ही घोड्यावर बसावं तशी मांड ठोकून बसता आणि मांड्यांना एका जिवंत प्राण्याचा श्वास जाणवू लागतो. पंखांवर स्वार होऊन उडायचं, एवढी एकच इच्छा तिथे निवडली आहे. ती कोणत्याही चित्रपटाहून जुनी आहे.

'स्टार वॉर्स'ची 'गॅलक्सीज एज' २०१९ मध्ये कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडात सुरू झाली, ती प्रत्येकी चौदा एकरांवर. तिचं गाव वसलंय ते बाटू या चित्रपटांत कधीच न दिसलेल्या ग्रहावर. तिथल्या शीतपेयाच्या बाटलीवरही त्या विश्वाची लिपी आहे, बांधकाम तर अप्रतिम. 'मिलेनियम फाल्कन' यान सहा जणांनी चालवायचं: दोन वैमानिक, दोन नेमबाज, दोन अभियंते. डावा वैमानिक यान आडवं वळवतो, उजवा वर-खाली नेतो. ज्यांना पुढची जागा मिळते त्यांचं बालपण सार्थकी लागतं. मागच्या अभियंत्याला बाजूची बटणं दाबायची असतात, आणि अनेकांची चाळीस वर्षं जपलेली इच्छा ती नव्हती. कथेचा काळही नव्या चित्रपटांपुरता बांधून घेतला होता, त्यामुळे लोक ज्यांच्यावर प्रेम करत आले ती जुनी पात्रं तिथे भेटेनात. पुढे ही चौकट सैल करावी लागली. २०२२ च्या अखेरीस कॅलिफोर्नियात त्याच विश्वातल्या मालिकेतले मँडलोरियन आणि छोटा ग्रोगू त्या गावात फिरू लागले. जागा कितीही देखणी असली, तरी लोक मनात काय घेऊन येतात ते विचारल्याशिवाय ती त्यांची होत नाही.

चित्रपटांवर उद्यानं उभारण्याची एक किंमतही आहे. हॉग्समीड ज्या जागेवर उभं आहे, तिथे आधी 'लॉस्ट कॉन्टिनेंट' या नावाचा, कुठल्याही चित्रपटाशी संबंध नसलेला, पुराणकथांतून सुचलेला भाग होता. त्याचा बराच हिस्सा गेला. उद्यानांना आता आधीच गाजलेल्या कथाच हव्या असतात, कारण प्रचंड भांडवल गुंतवताना ओळखीचं नाव धीर देतं. ओळख माणसाला दारापर्यंत आणते. पण केवळ तिच्या भरवशावर बांधलेली जागा एकदा बघून संपते, आणि अशा जागा वाढल्या तर नवं काही कल्पायची हिंमतच उरणार नाही, ही काळजी मला खरी वाटते.

आपल्याकडे खोपोलीजवळ २०१३ मध्ये सुरू झालेल्या इमॅजिकामध्ये 'मिस्टर इंडिया'वरची सिम्युलेटर राइड आहे. हिंदी चित्रपटाला उद्यानात जागा देणारी ती महत्त्वाची सुरुवात. पण १९८७ मध्ये तो चित्रपट पाहून घरी आलेल्या आमच्या पिढीतल्या मुलांना काय हवं होतं, ते मला नेमकं आठवतं. मनगटावर अदृश्य करणारं ते यंत्र बांधून नाहीसं व्हायचं होतं आणि अदृश्य झालेल्यालाही उघडं पाडणाऱ्या लाल उजेडापासून लपायचं होतं. तिरक्या काचेची युक्ती दीडशे वर्षं जुनी आहे, लाल दिवा तर गल्लीतल्या दुकानात मिळतो. एका मुलाला खोलीत नाहीसं करायचं, त्याच्या भावंडांना त्याला शोधायला लावायचं आणि लाल झोत कुठे पडेल ते त्यांच्या हाती द्यायचं. हे आपल्या उद्यानात, आपल्या चित्रपटातून घडू शकतं. त्यासाठी नकाशा काढण्याआधी चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्या मुलांच्या मागून थोडं चालावं, आणि त्यांचे हात हवेत काय करताहेत ते बघावं.