फियाट की अँबॅसडर?

बँकेत वाहनकर्जाचे कागद तपासताना या दोघींशी माझी ओळख झाली. फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, मुंबईत कुर्ल्याची. अँबॅसडर बंगालातल्या उत्तरपाड्याची. फियाटचे इंजिन १०८९ सीसीचे. अंगाने आटोपशीर, गल्लीबोळात चपळ, पेट्रोलला काटकसरी. अँबॅसडरचे पुष्कळ वर्षे १४८९ सीसीचे. धाव संथ, पण सात माणसे आणि टपावर वळकट्या घेऊन घाट चढणारी.

निगा मात्र दोघींनाही सारखीच हवी. वेळेवर ग्रीस, कार्बोरेटरची सफाई, प्लॅटिनम पॉइंटची नेमकी फट, आणि पावसाळ्यात पत्र्याच्या गंजावर नजर.

अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झाली. २०२१च्या केंद्रीय नियमांनी पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला ‘व्हिंटेज’चा मान दिला, पण तशी नोंद केली, की रोजची फेरी बंद.

सुटे भाग शोधले तर मिळतात. नुसत्या आवाजावरून इंजिनाचे दुखणे ओळखणारा मिस्त्री मिळत नाही. हिशेबात गाडीचा घसारा दरसाल लिहितात, या कसबाचा कुणीच लिहीत नाही. म्हणून दोघींतली कोणती, असे विचाराल तर सांगेन : जिचा मिस्त्री जवळ, ती. आणि त्याच्या हाताखाली एखादा पोरगा शिकतो आहे ना, तेही पाहा.